विचारा तर खरं: नांदेडची उस्मानशाही मिल

प्रश्न: आमचे आजोबा उठता-बसता 'मिलमधी होतो' म्हणायचे. नांदेडची उस्मानशाही मिल नेमकी कुणाची? इथंच का काढली?
एक वाचक, नांदेड

उत्तर: दादा, नावातच राजा बसलाय बघा. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान, 1911 ला गादीवर आला, त्याच्या नावावरून उस्मानशाही. पण म्हणून निजामानं खिशातून काढली असं नाही, ती रीतसर शेअरवाली कंपनी होती, आणि पुढं हैदराबाद सरकारनं 1929 ला जो औद्योगिक ट्रस्ट फंड काढला त्याचाही पैसा हिच्यात आला, वरंगलच्या आझमजाही मिलसारखाच.

नांदेडच का, तर कापूस! इथला गावरानी कापूस म्हणजे देशी असून लांब धाग्याचा, त्याला लय मागणी, आणि मनमाड-सिकंदराबाद रेल्वे दारातनं जाते म्हटल्यावर गाठी मुंबईला कशाला धाडायच्या, इथंच सूत काढा की. (मराठवाड्यातली पहिली मिल मात्र ही नाही, औरंगाबादला 1889 लाच झालती, तेव्हा तिथं रेल्वेपण नव्हती.)

आजोबांना खातं कोणतं ते विचारलंत का कधी? कार्डिंगवाल्याच्या (म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यातल्या माणसाच्या) भुवयांवर कापसाचे तंतू बसायचे, लूमवाले, म्हणजे मागावरचे, घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे, एवढा खडखडाट.

1948 नंतर निजामी गेली, मिल चालूच राहिली. मग आजारी गिरण्यांच्या 1974 च्या कायद्यानं सरकारजमा झाली, एनटीसीकडं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं. जुनं पगारकार्ड घरात सापडलं तर फोटो पाठवा, छापू.