सर्व्हेत खरं सांगितलं तर नाव बाहेर जाईल का?

व्यसनावरचा सर्व्हे एखाद्या वस्तीत सुरू झाला, की तिथल्या बायका मला हमखास विचारतात, “मॅडम, खरं सांगतलं तं नाव बाहेर नाही ना जाईन?” नागपुरातल्याच एका घराचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

सुनीताताईंचा नवरा हिंगणा एमआयडीसीत रोजंदारीवर. फॉर्म घेऊन सर्व्हेवाली मुलगी दारात उभी राहिली तेव्हा सासूबाई खाटेवर होत्या. “आमच्या इथं कोणी घेत नाही,” त्यांनीच सांगून टाकलं. सुनीताताई गप्प राहिल्या आणि मग माझ्याकडे आल्या. पोलिसांची धास्ती नव्हती, मोठ्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. “सोयऱ्यायले कळलं तं?”

संमतीपत्राचा कागद पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला. कोणी वाचत नाही तो. मी त्यांना वाचून दाखवला: भाग घेणं ऐच्छिक, मधेच थांबता येतं, फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक, नाव-पत्त्याची यादी वेगळी कुलूपबंद, शेवटी नैतिकता समितीचा, म्हणजे सर्व्हेत भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा फोन. हे नसेल तर उत्तर देऊ नका, असं मी सरळ सांगते. पण कागद कितीही चोख असला तरी शेजारणीचे कान बंद होत नाहीत. दारात उभं राहून “तुमचे मिस्टर किती घेतात?” विचारणाऱ्या पोरांवर माझा खरा राग आहे. अशा वेळी ‘अंगणवाडीत येऊन सांगते’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुनीताताईंनी तसंच केलं. आणि सोयऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना ते कधीच कळलेलं होतं, चौकातल्या पानठेल्यावरून.

मग सांगायचं तरी कशाला? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले 37 बऱ्याचदा ‘आमच्या इथं कोणी घेत नाही’च्या आड असतात. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी 36 टक्के त्या धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. असं काही आपल्या वस्तीत उभं राहायचं, तर आधी पिणारे कागदावर दिसायला हवेत.

सर्व्हेतले प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दारूच्या सवयी तपासणाऱ्या प्रश्नावलीतले होते. दहा प्रश्न, 40 गुण. 8 पासून पुढे काळजी, 20 पासून पुढे व्यसन जडल्याची दाट शक्यता. ते मी सुनीताताईंसोबत पुन्हा चाळले. सकाळी उठल्यावर आधी दारू लागते का, या प्रश्नावर त्या थांबल्या. “चहा बशीत ओततेत, पण हात असा थरथरते का अर्धा बनियनवर सांडते. पव्वा पोटात गेला का मग थांबते.”

इथे मी पेन खाली ठेवलं. कारण सासूबाईंचा बेत त्यांनी आधीच सांगितला होता: श्रावण लागला की खोलीत कोंडायचं, थेंब द्यायचा नाही. भावना समजते, पण इतकं अंगवळणी पडलेली दारू एका दिवसात तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वासकट.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जायला नवरा तयार नव्हता. “वेड्यायच्या रांगेत उभं नाही राहत,” हे त्याचं म्हणणं. अखेर मेहुणा सोबत गेला. तिथेही नावाचा धसका होताच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके, जसं कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. हे वाक्य मी त्याला दोनदा ऐकवलं.

श्रावण नीट गेला. मारबतीच्या दिवशी मिरवणुकीतल्या दोस्तांबरोबर त्यानं पुन्हा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन मात्र त्याचाच आला, बायकोचा नाही. औषध बदललं, फॉलोअपची तारीख अलीकडे घेतली. सध्या तो दर पंधरवड्याला येतो, बहुतेक वेळा उशिरा.