खोडावरच्या रेघांना शेवाळ म्हणू नका

एका ताईंनी विचारलंय, कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात झाडांच्या बुंध्यावर पांढरट डाग आणि त्यात काळ्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात, त्याला शेवाळ म्हणायचं का दगडफूल?

दोन्ही नाही, हे खपलीसारखं लायकेन आहे. आणि शेवाळ तर कासला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमधून इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच राग येतो. लायकेनमध्ये बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात, पण घर बुरशीचं, म्हणून वर्गीकरणात नावही बुरशीचंच. या रेघांवाल्या लायकेनमधलं शैवाल, ट्रेंटेपोहलिया, हिरव्या शैवालांच्या गटातलं असूनही रंगानं केशरी! लायकेनसाठी कोशातला 'शैवाक' हा शब्द पण मला पटत नाही, ऐकला की डोळ्यापुढं शैवालच येतं, बुरशीला दारातच उभं केल्यासारखं.

दगडफूल म्हणजे आपण चटणी कुटताना मसाल्यात घालतो ते, पानासारखं, कडेनं उचलता येतं. हे सालीला खपलीसारखं चिकटलेलं असतं, क्रस्टोज, काढायला गेलात तर साल पण हातात येईल. प्रजाती बहुतेक ग्राफिस, कुल ग्राफिडेसी. रेघा म्हणजे बीजाणू तयार करणारे भाग, लिरेला. पूर्वी बीजाणू बघून चार खाती पाडलेली, बीजाणू रंगहीन आणि त्याच्या आत नुसते आडवे पडदे असले की ग्राफिस, रंगहीन पण उभेआडवे पडदे असले की ग्राफिना, तपकिरी असले तर त्याच क्रमानं फिओग्राफिस आणि फिओग्राफिना. २००२ मध्ये लायकेनच्या अभ्यासक श्टायगर बाईंनी ही मांडणी मोडली, रेघेच्या कडा कोळशासारख्या काळ्या आहेत का हे पण बघायला लावलं, तरी आपल्याकडं अजून 'ग्राफिना' लिहिणारे आहेत, कमाल आहे.

पण खरी मजा नावात आहे. ग्रीकमध्ये ग्राफिस म्हणजे लेखणी, आणि ते ज्या क्रियापदावरून आलं त्याचा मूळ अर्थ ओरखडणं. आपला लिख् धातू पण मुळात ओरखडण्याचाच, त्यातूनच लिहिणे आलं! दोन भाषा, वेगळे धातू, पण वाट एकच. आता लायकेन बघा, ग्रीक लैखेन, त्याचा संबंध चाटण्याच्या क्रियापदाशी जोडतात, आणि त्याचं संस्कृत भावंड म्हणजे लिह्, ज्यावरून अवलेह, लेह्य, आभाळ चाटणारा तो अभ्रंलिह. च्यवनप्राश हा अवलेहच, म्हणजे तो आणि लायकेन नात्यातले! मात्र हा लिह् आणि लिहिणे एकच असं एक संस्कृतवाले गृहस्थ मला ठासून सांगत होते, ते साफ चूक. लिहिणेतला ह हा ख चा झालाय, प्राकृतात सखीची सही झाली, मुखाचं मुह झालं तसाच. लिनियसनं १७५३ मध्ये या रेघांवाल्या लायकेनमधल्या एका जातीला लायकेन स्क्रिप्टस नाव दिलं, स्क्रिप्टस म्हणजे लॅटिनमध्ये लिहिलेलं, त्यात दोन्ही आले, चाटणं पण आणि लिहिणं पण, मला हे फार आवडतं.

म्हणून मी तर 'लिहिती खपली' म्हणतो. ताई, पुढच्या वेळी भिंग घेऊन जा, काळ्या रेघेच्या मधोमध बारीक चीर दिसते का बघा.