शॅम्पेनची बाटली शोकेसमधून आजच काढा

प्रश्न : ताई नमस्कार. भाचा पॅरिसला असतो, दिवाळीत आला तेव्हा त्याच्या आजीआजोबांसाठी पोल रॉजर शॅम्पेन घेऊन आला. जूनमधे त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होऊन राहिली, तेव्हाच उघडू म्हणून हॉलमधल्या शोकेसमधे ठेवली. आता एप्रिल निम्मा झाला, कूलर लागले, तर बाटलीला काही होईल का? भाचा म्हणतो ही घरची कंपनी आहे, कोणत्या मोठ्या ग्रुपची नाही, म्हणून खास. त्यानं चवीत काय फरक पडतो? अन् त्या दिवशी सावजी मटण आहे, सोबत चालेल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : दादा, आधी उठा आणि बाटली शोकेसमधून काढून फ्रिजमधे ठेवा, खालच्या कप्प्यात अगदी मागे, दारात नको कारण दार उघडझाप होत राहतं. बाकीचं नंतर वाचा. मी हे कळकळीनं सांगतेय कारण माझी स्वतःची एक चांगली बाटली अशीच गेली. लोखंडी कपाटावर ठेवली होती, मधे मे महिना गेला, बाहेर ४५ आणि घरात कूलर लावूनही ३३-३४, आणि पावसाळ्यात उघडली तर बूच आवाज न करताच हातात आलं, ग्लासात रंग पिवळट तपकिरी, बुडबुडे वर येतायत न येतायत, आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. मला ज्यांनी प्रेमानं दिली होती त्यांना ते सांगायला फार जड गेलं. शोकेसमधे वरून दिव्याचा उजेडही पडतो, तोही शॅम्पेनचा वास बिघडवतो.

तुमची बाटली कुठून आली ते पाहिलं की उष्णतेचं एवढं का ते लगेच समजतं. नाव पोल रोजे असं म्हणतात, फ्रेंचमधे शेवटचा र ऐकू येत नाही. १८४९ साली सुरू झालेलं, फ्रान्समधल्या एपर्ने गावचं शॅम्पेन बनवणारं घर (शॅम्पेनच्या कंपनीला तिकडे घरच म्हणतात), अजूनही त्याच कुटुंबाकडे आहे. शॅम्पेनमधे बुडबुडे येतात ते दुसऱ्यांदा बाटलीतच आंबवल्यामुळे, आणि यांच्याकडे ते काम जमिनीखाली ३३ मीटर खोल, साधारण ९ डिग्रीच्या तळघरात होतं. थंडीत यीस्ट हळूहळू काम करतं, म्हणून बुडबुडा बारीक येतो. मग बाटल्या तिरप्या लाकडी फळ्यांवर, तोंड खाली करून, आणि माणसं त्या रोज हातानं थोड्या थोड्या फिरवतात म्हणजे गाळ बुचापाशी जमतो. बहुतेक ठिकाणी हे काम आता मशीन करतं, यांच्याकडे अजून माणसांच्या हातानं होतं. कायद्यानं साध्या शॅम्पेनला विकण्याआधी १५ महिने थांबावं लागतं, हे लोक चार वर्षांच्या आसपास थांबतात. विचार करा, चार वर्षं ९-१० डिग्रीत झोपलेली बाटली आणि आपण तिला नागपूरचा मे दाखवायचा!

आता घरच्या कंपनीचं. नुसतं कुटुंबाच्या मालकीचं आहे म्हणून वाइन चांगली होते असं मी म्हणणार नाही, मोठ्या ग्रुपकडेही सुंदर घरं आहेत, क्रुग आणि रुइनार दोन्ही एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच ग्रुपकडेच आहेत. पण लाखो बाटल्या वर्षानुवर्षं तळघरात ठेवायच्या म्हणजे तेवढा पैसा अडकून पडतो, आणि ज्याला दर तीन महिन्यांनी शेअरवाल्यांना नफा दाखवायचा नाही त्याला थांबणं सोपं जातं. बोलँजे, रोदेरेर ही घरं पण कुटुंबाचीच. आणि कुटुंब म्हटलं की संकटही घरावरच येतं. १८९९ मधे घराचे संस्थापक पोल रोजे गेले आणि लगेच फेब्रुवारी १९०० मधे एका रात्री तळघराचा मोठा भाग खचला, पिंपं आणि १५ लाख बाटल्या गाडल्या गेल्या. मुलं तरुण होती, तरी त्यांनी धंदा सोडला नाही. आणि २०१८ मधे त्याच ढिगाऱ्यात काही बाटल्या अखंड सापडल्या, हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

चर्चिल यांचं नावही याच घराशी जोडलेलं आहे. १९४४ मधे पॅरिस मुक्त झाल्यावर ब्रिटिश वकिलातीतल्या एका जेवणात त्यांची या घरच्या सूनबाई ओदेत पोल-रोजे यांच्याशी ओळख झाली आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली. ओदेत युद्धात फ्रेंच भूमिगत चळवळीचे निरोप पोचवायच्या. चर्चिल यांनी आपल्या एका रेसच्या घोड्याचं नाव पोल रोजे ठेवलं होतं. १९६५ मधे ते गेल्यावर ब्रिटनला जाणाऱ्या बाटल्यांच्या लेबलला काळी किनार आली, आणि १९८४ मधे चर्चिल यांच्या नावाची खास क्युव्हे, म्हणजे खास बनवलेली शॅम्पेन, निघाली.

सावजी सोबत नका ठेवू. तर्रीनं जीभ बधिर होते, मग चार वर्षांची मेहनत कळणार कशी? सावजी नंतर जेवणात करा. आधी आईबाबांसोबत उघडा, आणि सोबत गरमागरम सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची पुडाची वडी. तळलेलं आणि हलकं खारट असं काहीही शॅम्पेनला फार छान लागतं, तिचा आंबटपणा तेल कापतो. चटणी तिखट नको. संत्रा बर्फीसुद्धा नंतर, ब्रूट या कमी गोड प्रकारात लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि गोडाबरोबर ती नुसतीच आंबट लागते.

उघडताना : बर्फ आणि पाणी दोन्ही असलेल्या बादलीत अर्धा तास, ८-१० डिग्री पुरे. तारेची कडी सहा अर्धे वेढे फिरवली की सुटते, त्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, आत कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा, तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे नको. मोठा फटका नको, हळू उसासा ऐकू आला पाहिजे.

प्रश्न : माझ्या बाटलीवर वर्षच लिहिलेलं नाही. फसवलं का मला?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही हो. बहुतेक शॅम्पेन वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करूनच बनते, म्हणजे घराची चव दरवर्षी सारखी राहते. वर्ष फक्त चांगल्या हंगामाच्या बाटलीवर छापतात, आणि तिला किमान ३ वर्षं थांबवावं लागतं.

प्रश्न : नाशिकची बुडबुडेवाली पण शॅम्पेनच ना?
— एक वाचक, सदर

उत्तर : शॅम्पेन नाही, स्पार्कलिंग वाइन. शॅम्पेन हे नाव फक्त फ्रान्समधल्या शॅम्पेन भागात बनलेल्या वाइनला. पण नाशिकजवळच्या दिंडोरीची शांदों ही स्पार्कलिंग वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याच्या त्याच पद्धतीनं होते. प्रतापनगरच्या दादांनी आधी तीच आणून बूच उघडायची प्रॅक्टिस केली तरी चालेल, म्हणजे जूनमधे आईबाबांसमोर हात थरथरणार नाहीत.