सक्तीची लष्करसेवा आणि ठणकणारी दाढ

प्रश्न : आम्ही सिंगापूरचे कायमचे रहिवासी आहोत. आमच्या १८ वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांनी तेथील दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करसेवेत रुजू व्हायचे आहे. त्याची खालची अक्कलदाढ अधूनमधून ठणकते. त्याचे वडील म्हणतात, "थोडी कळ काढ." दातांच्या दुखण्याचा एवढा बाऊ करावा का? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : कळ काढण्याचा सल्ला त्याला देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २१ या वयात येते आणि सक्तीच्या लष्करसेवेचे वयही बहुतेक देशांत तेच असते. अर्धवट वर आलेल्या दाढेवरील हिरडीच्या पदराखाली अन्नकण अडकतात, तेथे जंतुसंसर्ग होतो, तोंड पुरते उघडत नाही आणि घास चावता येत नाही. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या मुलाला पोटभर जेवता न येणे ही किरकोळ बाब नव्हे.

दातांच्या विकारांचा जीवनमानावर होणारा परिणाम केवळ किडलेले दात मोजून कळत नाही. त्यासाठी 'ओएचआयपी-१४' ही १४ प्रश्नांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. वेदना, खाण्यातील व उच्चारातील अडचण, मनावरील ताण, संकोच अशा बाबींवरील प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण असतात आणि ५६ पैकी बेरीज जितकी अधिक, तितका त्रास अधिक. बराकीत राहणाऱ्या तरुणांच्या बाबतीत मला संकोचाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा दात किडला म्हणून तोंडावर हात धरून बोलणारा मुलगा, आपण कामचुकार ठरू या भीतीने, दुखणे डॉक्टरांना सांगण्याचेही टाळतो.

सैन्ये स्वतः हा विषय गांभीर्याने घेतात. नाटो देशांच्या वर्गीकरणात, पुढील १२ महिन्यांत दातांची तातडीची तक्रार उद्भवण्याची शक्यता असलेला सैनिक तिसऱ्या वर्गात येतो आणि उपचार होईपर्यंत त्याला सहसा मोहिमेवर पाठवत नाहीत.

तेव्हा याच आठवड्यात दंतवैद्यांकडून एक्स-रे काढून घ्यावा. दाढ काढावी लागली, तर सूज ओसरून जखम भरण्यास अवधी मिळावा म्हणून ते काम रुजू होण्याच्या तोंडावर ठेवू नये. तो सुटीवर घरी आला की "दात दुखतो का?" एवढेच न विचारता, जेवण दोन्ही बाजूंनी चावता येते का आणि रात्री झोपमोड होते का, हे विचारावे.