मांडवाखालचा धूर : सायलेन्सर कापण्याआधी तक्रार कागदावर आणा

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. 14 महिन्यांपूर्वी बागेसाठी नवा मिनी ट्रॅक्टर घेतला. मांडवाला अडू नये म्हणून त्याचा सायलेन्सर आडवा, खाली दिलेला आहे. ब्लोअरने औषध मारताना धूर मांडवाखाली कोंडतो आणि थेट तोंडावर येतो. तीन-चार तासांत डोकं ठणकतं, मळमळतं. गिअरबॉक्सची धग पायाला लागते ती वेगळीच. डीलर म्हणतो, ‘सगळ्या मिनींना असंच असतं.’ गावातला वेल्डर सायलेन्सर कापून दुसरीकडे वळवून द्यायला तयार आहे. अधूनमधून शेजारच्या दोन बागांत भाड्यानेही फवारणी करतो. मला काही दाद मागता येईल का?

उत्तर : येईल. पण वेल्डरकडे आज जाऊ नका, आणि आहे त्या अवस्थेत तीन-चार तास सलग ट्रॅक्टरही चालवू नका.

आधी तब्येत. डोकं ठणकणं आणि मळमळ ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं असू शकतात. या वायूला वास नसतो, आणि फवारणीचा मास्क तो अडवत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण मोकळ्या हवेत चार-पाच तासांत निम्म्यावर येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत फारसं काही दिसत नाही. त्रास झाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ‘ट्रॅक्टरच्या धुरात इतके तास होतो’ हे केसपेपरवर लिहून घ्या. त्रास कीटकनाशकाचा की धुराचा, हेही तेच सांगतील. कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे, तेव्हा ‘थोडा धूर चालायचाच’ हे कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

आता कायदा. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करा. एक म्हणजे बिघाड. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, सांध्याशी काजळी धरली आहे का? तसं असेल तर गॅस्केटमधून, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीतून, धूर गळतोय. धूर सतत काळा असेल तर एअर फिल्टर किंवा इंजिनात डिझेल सोडणारं नोझल बघावं लागेल, निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. वॉरंटी चालू असेल तर हे दुरुस्त करून देणं डीलरला टाळता येत नाही, आणि अशी तक्रार सिद्ध करणंही तुलनेने सोपं. फक्त एअर फिल्टर तुम्ही वेळेवर साफ केला होता हे दाखवायला सर्व्हिसची जॉब कार्डं, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदी, हवीत.

दुसरी तक्रार रचनेची : इंजिन निर्दोष आहे, पण धुराचं तोंडच चालकाकडे आहे. ही लढाई अवघड आहे, तरी निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 नुसार रचनेतल्या दोषासाठी आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्याबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येतं. ट्रॅक्टर बागेसाठी म्हणून विकला, मग मांडवाखाली धूर कोंडेल याचा इशारा पुस्तिकेत आहे का? ती पुस्तिका आणि विक्रीच्या वेळचं माहितीपत्रक शोधून ठेवा. तुमच्या मॉडेलचा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल मिळाला तर तोही मिळवा.

वेल्डरला थांबवलं ते याच कायद्याच्या कलम 87 मुळे. इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला होता असं दिसलं, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईचा, दावा चालत नाही. सायलेन्सर कापला की पुरावाही जातो आणि वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. सायलेन्सर काढूनच टाकणं तर नियमबाह्य आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो ट्रॅक्टरलाही सक्तीचा आहे. तोंडाची दिशा बदलायचीच असेल तर कंपनीकडून लेखी मंजुरीने बदलून घ्या.

भाड्याच्या फवारणीचं तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं केलंत. समोरचे ‘हा व्यावसायिक वापर आहे, हे ग्राहक नाहीत’ असं म्हणतील. स्वयंरोजगारातून फक्त उदरनिर्वाहासाठी केलेला वापर कायद्याने व्यावसायिक धरला जात नाही. शेतकरी ग्राहक ठरतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात मान्य केलं आहे. तुम्ही स्वतः चालवता आणि भाडं मोजकंच आहे, म्हणून तुमची बाजू मला मजबूत वाटते. ग्राहक आयोगापुढे भाड्याचं काम लपवू नका. उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जाईल.

गिअरबॉक्सची धग तक्रारीत लिहा, पण केवळ गैरसोयीवर निकाल मिळणं कठीण. पाय भाजल्याची नोंद असेल तर गोष्ट वेगळी.

मुदत मात्र डोळ्यात तेल घालून सांभाळा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात तक्रार दाखल करावी लागते. डीलरशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल करता येईल, कारण तुम्ही राहता तिथे तक्रार करण्याची मुभा कायद्यात आहे. ट्रॅक्टरची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ट्रॅक्टरची तपासणी लागली तर तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो, त्याची तयारी ठेवा. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही वेळा तेवढ्यावरही कंपनी हलते.

या आठवड्यात एवढं करा. मांडवाखाली ट्रॅक्टर चालू असताना धूर कुठे जातो याचा व्हिडिओ काढा, तारखेसह. मग डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पावती आणि प्रत जपून ठेवा. मजकूर साधाच असू द्या : ‘अमुक तारखेला घेतलेल्या, अमुक चेसिस क्रमांकाच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधला धूर चालकाच्या तोंडावर येतो. अमुक तारखेला मला त्रास होऊन वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. ट्रॅक्टरमध्ये मी कोणताही बदल केलेला नाही. 15 दिवसांत माझ्या बागेत येऊन, मांडवाखाली चालवून तपासणी करावी, दोष दूर करावा आणि तपासणीचा लेखी अहवाल द्यावा.’