बर्फातलं शिखर : वाचकांचे प्रश्न

बर्फाने झाकलेल्या शिखरावर एका दिवसात जाऊन येण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : उन्हाळ्यात अडीच तासांत चढलेल्या वाटेला बर्फात पाच तास लागले. उतरताना तर गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. आमचं काय चुकलं?

पाच तास लागले यात चूक नाही. निघायला उशीर झाला असणार. दिवसा वितळलेला बर्फाचा वरचा थर रात्री गोठून टणक होतो आणि पहाटे माणसाचं वजन पेलतो. ऊन चढलं की तोच थर मऊ पडतो. म्हणून हेडलॅम्प लावून अंधारातच निघावं. मात्र रात्र ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठत नाही, आणि नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात पहाटेही पाय रुततातच.

वेळेचा जुना आडाखा असा : ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ५ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर अडीच तास. मऊ बर्फात हे दुप्पट धरा. पुढे चालणाऱ्याला पायठसे पाडण्याचे सगळे कष्ट पडतात, तेव्हा दर दहा-पंधरा मिनिटांनी माणूस बदला. मागे फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा. पहाटे पाचला निघून अकराची वेळ ठरली असेल, तर अकराला शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं. त्या क्षणी हे फार जिवावर येतं, म्हणूनच ते आधी ठरलेलं हवं.

खडकांच्या आणि झाडांच्या बुंध्यांच्या कडेने बर्फाखाली पोकळी असते. तिथून लांबून चाला. पाय मुरगळण्याचे किंवा मोडण्याचे प्रसंग अशाच जागी येतात.

प्रश्न : मायक्रोस्पाइक्स पुरतात, की क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स घ्यावीच?

मायक्रोस्पाइक्स म्हणजे बुटावर रबराने चढवायचे आखूड दाते, क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचा लांब दात्यांचा धातूचा सांगाडा, आणि आइस अ‍ॅक्स म्हणजे डोक्याला अणकुचीदार चोच असलेली बर्फाची कुऱ्हाड. घसरलात तर कुठे जाऊन थांबाल, हे आधी पाहा. खाली सपाट जागा असेल आणि वाट मळलेली, सौम्य चढाची असेल, तर मायक्रोस्पाइक्स उत्तम. उतार तीव्र आणि बर्फ कडक असेल तर त्यांचे आखूड दाते पकडत नाहीत, शिवाय रबर सरकून ते बुटाच्या बाजूला येतात. तिथे क्रॅम्पॉनच हवेत, आणि तेही ताठ तळव्याच्या बुटावर. मऊ बुटावरून ते निसटतात. मऊ, ओल्या बर्फात दात्यांखाली गोळे जमतात आणि पकड जाते. अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर टपली मारून ते पाडत राहा.

अ‍ॅक्स नुसती पाठीला अडकवून उपयोग नाही. घसरताक्षणी तिचं डोकं खांद्याजवळ, दांडा छातीवर तिरका, अशी धरून अ‍ॅक्सच्या डोक्याच्या बाजूने पोटावर वळायचं आणि छातीचा सगळा भार तिच्या चोचीवर टाकायचा. क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचललेली हवीत. दाते अडकले तर शरीर उलटं फेकलं जातं. वेग वाढल्यावर थांबणं जवळपास अशक्य, म्हणून खाली धोका नसलेल्या छोट्या उतारावर आधी भरपूर सराव करा. तिथे क्रॅम्पॉन घालू नका.

प्रश्न : हिमस्खलनाचा उतार ओळखायचा कसा?

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. डोळ्यांचा अंदाज दगा देतो, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक उभी टेकवा. दुसरी तिला आडवी लावून तिचं टोक चढाकडच्या बर्फाला भिडवा. आडवी काठी उभ्या काठीच्या मध्यावर आली तर उतार साधारण २७ अंश, वरच्या टोकाशी आली तर ४५. ही मोजणी मात्र सुरक्षित जागी उभं राहूनच करा. समोरचा उतार नकाशावरच्या समोच्च रेषांवरून तपासा. स्वतः सौम्य उतारावर आहात म्हणून निर्धास्त होऊ नका. डोक्यावर तीव्र उतार असेल तर वरचा बर्फ खालपर्यंत येतो.

मोठी हिमवृष्टी किंवा जोराचा वारा होऊन गेल्यावर पहिला दीड-दोन दिवस धोका सर्वाधिक. पायाखाली ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून तडे धावले, तर तिथूनच परतायचं. धारेवर वाऱ्याने कड्याबाहेर वाढलेली बर्फाची झालर असते, तिला कॉर्निस म्हणतात. ती वरून घट्ट जमिनीसारखी दिसते आणि तुटते ती कड्याच्या बरीच आतून. वारा जिकडून येतो त्या बाजूने, कडेपासून चांगलं दूर राहून चाला.

प्रश्न : बोटं बधिर झाली तर बर्फाने चोळावीत का?

कधीच नाही. चोळल्याने गोठलेल्या पेशी फाटतात. नुसती गार पडली असतील तर काखेत धरा. पांढरी, कडक झाली असतील तर ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ऊब द्या, पण पुन्हा गोठण्याचा धोका पूर्ण टळला असेल तरच. वितळून परत गोठलेल्या बोटांचं नुकसान कितीतरी जास्त होतं. म्हणून खाली उतरेपर्यंत ती कोरडी, झाकलेली ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. वाऱ्याचा हिशेबही धरा : उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २१ अंशांइतका गारठा लागतो. हातमोज्यांचा जादा जोड पिशवीत वरच ठेवा.