वास्तुविशारद, पण इमारती कुठे आहेत? : आकिल्ले कास्तिल्योनी यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आकिल्ले कास्तिल्योनी यांचा उल्लेख नेहमी ‘इटालियन वास्तुविशारद’ असा केला जातो, प्रत्यक्षात मात्र त्यांचे दिवे, खुर्च्या आणि स्टुलेच पाहायला मिळतात. त्यांनी बांधलेल्या इमारती कुठे आहेत?

उत्तर : इमारती आहेत; पण त्या मोजक्या आहेत आणि कास्तिल्योनी यांचे नाव त्यांच्यामुळे झालेले नाही. १९१८ साली मिलानमध्ये जन्मलेल्या कास्तिल्योनी यांनी १९४४ मध्ये तिथल्याच पॉलिटेक्निक या तंत्रविद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतली. औद्योगिक वस्तूंच्या रचनेचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम तेव्हा तिथे नव्हता; तो सुरू व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. त्यामुळे त्या पिढीतले नावाजलेले इटालियन डिझायनर बहुतांशी शिक्षणाने वास्तुविशारदच होते, आणि दिव्याची किंवा खुर्चीची रचना करणे म्हणजे आपला व्यवसाय सोडून दुसरीकडे जाणे, असे त्यांना वाटत नसे.

महायुद्धानंतर आकिल्ले आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे कास्तिल्योनी बंधू, यांना सातत्याने काम मिळाले ते मुख्यतः प्रदर्शनांच्या मांडणीचे. मिलानच्या व्यापारी जत्रेत इटलीच्या सरकारी नभोवाणीची दालने त्यांनी वर्षानुवर्षे उभी केली. अशा दालनाचे आयुष्य काही आठवड्यांचे, म्हणून आज ती छायाचित्रांतच उरली आहेत. त्यांच्यातला वास्तुविशारद शोधायचा असेल, तर माझ्या मते तो याच कामांत शोधावा. माणूस कुठून आत येईल, कुठे थांबेल, त्याच्या डोक्यावर प्रकाश कुठून पडेल, याचा जो विचार तिथे झाला, तोच पुढे त्यांच्या वस्तूंमध्ये उतरला.

१९६२ चा ‘आर्को’ दिवा हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. जेवणाच्या टेबलावर वरून प्रकाश हवा, पण त्यासाठी छताला भोक पाडायचे नाही, शिवाय बसलेल्या माणसाच्या पाठीमागून वाढणाऱ्याला मोकळेपणी जाता आले पाहिजे. प्रश्न खोलीच्या रचनेचा होता, दिव्याच्या आकाराचा नव्हे. म्हणून टेबलापासून दूर उभा राहणारा जड तळ आणि त्यातून निघून टेबलावर वाकणारी पोलादी कमान अशी योजना झाली. तळासाठी संगमरवर निवडला तो थाटासाठी नव्हे, तर थोड्या जागेत पुरेसे वजन मिळावे म्हणून. सुमारे ६५ किलोंचा तो ठोकळा हलवायचा कसा? त्याला आरपार भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायचा. ठोकळ्याच्या कडाही कोणाला लागू नयेत म्हणून तासलेल्या आहेत. श्रीमंती दिवाणखान्याची खूण म्हणून हा दिवा जाहिरातींत मिरवला जातो, तेव्हा या भोकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रश्न : ‘आर्को’चे श्रेय काही ठिकाणी आकिल्ले यांना एकट्याला, तर काही ठिकाणी दोघा भावांना दिलेले आढळते. बरोबर काय?

उत्तर : दोघांना, म्हणजे आकिल्ले आणि पिएर जाकोमो यांना. भाऊ तिघे होते. थोरले लिविओ आणि मधले पिएर जाकोमो यांनी युद्धापूर्वीच काम सुरू केले होते. धाकटे आकिल्ले त्यांना नंतर येऊन मिळाले. १९५२ मध्ये लिविओ वेगळे झाले आणि तेव्हापासून १९६८ मध्ये पिएर जाकोमो यांचे निधन होईपर्यंतची कामे दोघांची सामाईक आहेत. त्यांतली कोणती कल्पना कोणाची, हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. आकिल्ले दीर्घायुषी ठरले, २००२ पर्यंत जगले, म्हणून श्रेय त्यांच्याकडे सरकत गेले, इतकेच.

प्रश्न : ट्रॅक्टरची बैठक किंवा मोटारीचा दिवा जसाच्या तसा उचलून वापरणे, याला रचना म्हणायचे का?

उत्तर : कास्तिल्योनी बंधूंच्या ‘मेझ्झाद्रो’ या स्टुलात ट्रॅक्टरची भोके असलेली बैठक आहे, ती एका लवचिक पोलादी पट्टीवर बसवलेली आहे आणि पाय टेकायला खाली लाकडाचा आडवा दांडा आहे. १९५७ मध्ये कोमो येथील प्रदर्शनात ते मांडले गेले, पण बाजारात यायला आणखी दशकाहून अधिक काळ लागला. ‘तोयो’ दिव्यात मोटारीचा प्रखर दिवा आहे, वायर सांभाळायला मासेमारीच्या गळाच्या काठीवर असतात तशा कड्या आहेत, आणि तळाशी असलेला ट्रान्सफॉर्मर दिवा स्थिर ठेवणाऱ्या वजनाचेही काम करतो. इथे भाग उसने आहेत. त्यांचा परस्परसंबंध मात्र नवा आहे, आणि मी त्यालाच रचना म्हणेन. तरीही आपली शंका अगदीच निराधार नाही. या पद्धतीची नक्कल करणाऱ्यांनी पुढे केवळ गंमत म्हणून वाटेल त्या वस्तूवर वाटेल ती वस्तू बसवली.

प्रश्न : शिक्षक म्हणून ते नेमके काय शिकवत?

उत्तर : १९६९ पासून त्यांनी तोरिनोच्या (ट्यूरिनच्या) पॉलिटेक्निकमध्ये शिकवले आणि पुढे ते मिलानला आले, तिथे १९९३ पर्यंत त्यांचे अध्यापन चालू होते. व्याख्यानाला ते एक मोठी काळी पिशवी घेऊन येत आणि तिच्यातून खेळणी, चष्मे, अवजारे अशा वस्तू एकेक करून टेबलावर मांडत. त्यांतल्या बहुतेकांच्या रचनाकाराचे नाव कोणालाच ठाऊक नसे. ही वस्तू हातात घेतल्यावर माणूस काय करतो, तिच्यातले काय काढून टाकले तर ती निकामी होईल, अशा अंगाने विद्यार्थ्यांनी तिच्याकडे पाहावे, अशी त्यांची अपेक्षा असे. प्रत्येक कामाचा एक मुख्य घटक असतो आणि तो सापडेपर्यंत बाकीचे खोडत राहावे लागते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. ज्याला इतर माणसांविषयी कुतूहल नाही, त्याने या व्यवसायात येऊ नये, असेही त्यांचे स्पष्ट मत होते.

स्वतःच्या कामांपैकी त्यांना विशेष अभिमान होता तो वायरच्या मध्ये बसणाऱ्या एका छोट्या बटणाचा. १९६८ चे हे बटण दिव्यांच्या दुकानात नव्हे, विजेच्या सामानाच्या दुकानात विकले जाई आणि घेणाऱ्याला कास्तिल्योनी हे नाव माहीतही नसे. पिशवीतल्या निनावी वस्तूंच्या रांगेत आपलीही एक वस्तू जाऊन बसली, याचा हा आनंद होता.

प्रश्न : ‘आर्को’ची हुबेहूब नक्कल विकणे कायदेशीर आहे का?

उत्तर : युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे हा वाद गेला होता. चीनमधून आयात केलेल्या एका तशाच दिव्यावरून ‘आर्को’ची उत्पादक कंपनी फ्लोस हिने दावा केला होता. कॉपीराइटच्या अटी पूर्ण करणाऱ्या रचनेला, केवळ ती जुन्या काळातच सार्वजनिक मालकीची, म्हणजे कोणालाही वापरायला मोकळी, झाली होती या कारणावरून राष्ट्रीय कायदा संरक्षण नाकारू शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला. युरोपबाहेरच्या देशांत तिथला कायदा पाहावा लागेल.

प्रश्न : त्यांचे काम एकत्रित कुठे पाहता येईल?

उत्तर : न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९७ मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले होते. मिलानमध्ये पियाझ्झा कास्तेल्लो येथील त्यांचा स्टुडिओ त्यांच्यामागे त्यांच्याच नावाच्या प्रतिष्ठानाने सांभाळला. तिथे नमुने, रेखाटने आणि त्यांनी जमवलेल्या त्या निनावी वस्तू मार्गदर्शकासह पाहता येत. जाण्यापूर्वी प्रतिष्ठानाकडे ठिकाण आणि वेळ निश्चित करून घ्यावी.